एकाच अंगणात दोन टेबले

वसंता दुर्गे फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास घुग्घुसमधल्या आपल्या घरी वारले. वय बहात्तर. दमा जुना होता. त्यांच्या पत्नी शांताबाई त्या वेळी मागच्या पडवीत भिजलेल्या बरबटीची साले काढत होत्या. खोकला एकाएकी थांबला म्हणून त्या आत गेल्या. मग बाहेर येऊन त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी म्हणजे मी.

बरबटी म्हणजे राज्यात इतरत्र जिला चवळी म्हणतात ती. पुढच्या मजकुरात ती वारंवार येईल.

दुर्ग्यांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. चंद्रपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी चौदा वर्षे त्या भिंतीच्या अलीकडे राहतो. या मजकुरातले बहुतेक मी स्वतः पाहिले किंवा ऐकले. जे ऐकीव आहे, ते कोणाकडून कळले तेही दिले आहे.

वसंताभाऊ एका सिमेंट कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षे होते. त्यातली शेवटची बरीच वर्षे मुख्य आचारी. निवृत्तीनंतरही स्वयंपाकघरात जाताना ते कँटीनची पांढरी टोपी घालत. टोपी रोज धुतली जाई आणि कोळशाच्या धुळीने संध्याकाळपर्यंत राखाडी होई. घुग्घुसमध्ये पांढरे काहीच टिकत नाही. वसंताभाऊंनी टोपीच्या बाबतीत हे मान्य केले नव्हते.

ते मत्सरी होते. हे माझे मत नाही, ते स्वतःच सांगत.

"मले दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाह्यवत नाई जी," ते एकदा भिंतीवर कोपर टेकवून म्हणाले. "पगाराचं नाई, घराचं नाई. पोराच्या नोकरीचं बी नाई. फक्त भाजीचं."

गल्लीतला कोणी लग्नाहून परतला की वसंताभाऊ त्याला अडवत. वधूवर कसे होते, किती माणसे होती, हे ते विचारत नसत. "भाजी कशी होती?" एवढाच प्रश्न. उत्तर "ठीक होती" असे आले तर त्या माणसाला चहा मिळे. "मस्त होती" असे आले तर वसंताभाऊ मान हलवत आणि एक ठरलेले वाक्य म्हणत: "जेवण चांगलं नसते, भूक चांगली असते." कोणाच्याही जेवणाची स्तुती झाली की हे वाक्य येई. स्वतःच्या जेवणाची झाली तर येत नसे.

शांताबाईंचे माहेर आलापल्लीजवळचे. तिथल्या एका लग्नात वांग्याच्या रश्श्यावर लोक तुटून पडले. आचारी सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलणारा होता. शांताबाईंनी मला सांगितले त्यानुसार वसंताभाऊ पंगत सोडून मांडवामागे गेले आणि चुलीपासून हातभर अंतरावर, एक शब्द न बोलता, तासभर बसले. शेवटी आचाऱ्यालाच संकोच वाटला. त्याने द्रोण पुढे केला. "तिनंडी भाऊ, खाऊन पाहा." वसंताभाऊंनी खाल्ले, द्रोण चाटला, आणि म्हणाले, "मीठ ठीक हाय."

घरी परतल्यावर त्यांनी सलग चार दिवस वांग्याचा रस्सा केला. पाचव्या दिवशी शांताबाईंनी वांगी धान्याच्या कोठीमागे लपवली.

तोपर्यंत त्यांचा मत्सर घराबाहेरच्या लोकांपुरता होता. घरात तसे कारण नव्हते. शांताबाई स्वयंपाक करत, तो रोजचा असे, आणि रोजच्या स्वयंपाकाला वसंताभाऊ स्वयंपाक मानत नसत.

त्यांची मुलगी माधुरी नागपूरला परिचारिका आहे. पहिल्या बाळंतपणासाठी ती घरी आली होती. एका दुपारी ती म्हणाली, "आई, मले बर्गर खावासा वाटून राह्यला."

"बाजारातलं नाई खायचं आता," शांताबाई म्हणाल्या.

वसंताभाऊ बाजेवरून उठले. "बर्गर म्हणजे का? पावात टिक्कीच ना? बस. बटाटे घेऊन येतो. असा करतो का नागपूर विसरशीन."

ते पिशवी घेऊन गेले. बाजारात त्यांनी बटाटे निवडून घेतले. निवडायला त्यांना नेहमी वेळ लागे. इकडे शांताबाईंकडे दुसऱ्या दिवशीच्या वड्यांसाठी बरबटी भिजलेली होती. त्या भागात बरबटीचे वडे घरोघर होतात. भिजलेली बरबटी चोळून साल काढायची, पाट्यावर भरड वाटायची, तळायची. माधुरीला तळलेले नको होते. म्हणून शांताबाईंनी तेच वाटण हातावर थापून तव्यावर थोड्या तेलात भाजले आणि चहासाठी आणलेल्या पावात घातले.

वसंताभाऊ बटाटे घेऊन दारात आले तेव्हा माधुरीचा दुसरा बर्गर चालू होता. माझ्या हातात पहिला होता. मला तो भिंतीवरून देण्यात आला होता.

"बाबा, खाऊन पाहा ना," माधुरी म्हणाली. "आईनं लयच भारी केला."

वसंताभाऊंनी अर्धा खाल्ला. बटाट्यांची पिशवी दुसऱ्या हातातच होती.

"मीठ कमी," ते म्हणाले.

मीठ बरोबर होते.

दुर्ग्यांची गल्ली खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळते. दुपारी चारला पाळी बदलते आणि मोटारसायकली आडवाटेने त्या गल्लीतून जातात. पुरुषोत्तम नावाचा डंपरचालक रोज तिथून जाई. तव्याचा वास आला म्हणून त्याने एक दिवस गाडी उभी केली. दुसऱ्या दिवशी तो दोघांना घेऊन आला. महिन्याभरात अंगणात एक टेबल लागले, रविवार सोडून रोज. टेबलावर जाळीचे झाकण, बाजूला ओले फडके. रस्त्यावरून ट्रक गेला की शांताबाई आधी झाकण घालत, ट्रक दूर गेला की टेबल पुसत, मग पुढचा बर्गर देत. ग्राहकही तोवर थांबत. माधुरी बाळ घेऊन नागपूरला परत गेली तरी टेबल राहिले.

त्यांची पद्धत मी पुष्कळदा पाहिली. बरबटी त्यांचा भाऊ आलापल्लीकडून पाठवी, धानाच्या बांधावर पिकवलेली. ती आदल्या दिवशी भिजवायची. सकाळी टोपल्यात घेऊन दोन्ही हातांनी चोळायची, पाण्यात सोडायची. साले वर तरंगतात, ती ओतून द्यायची. असे पाच-सहा वेळा. मग टोपले तिरके ठेवून सगळे पाणी निथळू द्यायचे. पाट्यावर लसूण, आले, हिरवी मिरची, जिरे यांच्याबरोबर वाटायचे, एक थेंबही पाणी न घालता. वाटणात दाणा बोटाला लागला पाहिजे. मग कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. टिक्की तळहाताएवढी. पावाला आतून भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. काकडीच्या दोन चकत्या. बाहेर कडक, आत मऊ, आणि दाताखाली कडधान्य आहे हे कळते. मी नागपूर-पुण्यात खाल्लेल्या बर्गरांत हे कळत नाही.

वसंताभाऊ चारच्या आधीच टोपी घालून ओसरीत बाजेवर बसत. टेबलाकडे त्यांचे लक्ष नसे. खाणाऱ्यांकडे असे.

"मले टिक्की नाई पाहाची," ते म्हणाले. "मले तोंडं पाहाची. एकतीस वर्सं तोंडं पाह्यली मी. पहिल्या घासाले माणूस खोटं बोलू शकत नाई."

"मग काय दिसते?" मी विचारले.

त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

लोकांनी स्तुती केली की ते बाजेवरून सांगत, "मीच शिकवलं तिले." शांताबाई तव्यावरून नजर न काढता म्हणत, "यायनं मले चहा बी शिकवला नाई." हा संवाद दिवसातून दोन-तीनदा होई. ग्राहक हसत. वसंताभाऊ हसत नसत. त्यांना हसू नको होते. रांगेतल्या एका तरी माणसाने त्यांच्या हातचे खाऊन, पहिल्या घासाला, कोणाचे आहे हे माहीत नसताना, चांगले म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते. हे त्यांनी मला भिंतीपाशी नेमक्या याच शब्दांत सांगितले. शेवटपर्यंत मागणी बदलली नाही.

पावसाळा संपल्यावर त्यांनी त्याच अंगणात दुसरे टेबल टाकले.

जागा फाटकाजवळची होती, म्हणजे येणारा माणूस आधी त्यांच्याकडे येणार. टेबलावर स्वच्छ चादर. बाजूला नवा तवा. शांताबाईंनी टेबल लागताना पाहिले आणि विचारले, "जाळी हाय का? माह्याकडची दुसरी देऊ?"

"माह्याकडं हाय," ते म्हणाले. नव्हती. त्यांनी वर वर्तमानपत्र टाकले. आमचेच होते.

पहिल्याच दिवशी जे झाले त्याचे कारण कँटीन. कँटीनमध्ये शेकडो माणसांचे जेवण असते. तिथे कच्चे कडधान्य वाटून कोणाला देत नाहीत. जे काही असेल ते आधी शिजते. एकतीस वर्षे हाताला तीच सवय. वसंताभाऊंनी बरबटी कुकरला लावली, चांगली मऊ केली, डावाने घोटली, मसाला घातला आणि टिक्क्या थापल्या. वास उत्तम होता. मसाला त्यांनी स्वतः कुटलेला होता आणि तो त्या गल्लीतला सर्वांत चांगला मसाला होता, हे शांताबाईही नाकारत नसत.

तव्यावर पहिली टिक्की उलटायला घेतली आणि ती पसरली. दुसरी पसरली. तिसरी त्यांनी दोन उलथन्यांनी उचलून पावात ठेवली आणि पुरुषोत्तमच्या हातात दिली. पुरुषोत्तमने पहिला घास घेतला तेव्हा उरलेली टिक्की त्याच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेली.

"वसंताभाऊ," तो म्हणाला, "हे बर्गर हाय का उसळ-पाव?"

"चवीचं सांग."

"चव मस्त हाय जी. पण बाहीले लागून राह्यली, तोंडाले नाई."

अंगणातले सगळे हसले. शांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओले फडके पुरुषोत्तमला दिले.

टेबल तीन दिवस टिकले. दुसऱ्या दिवशी वसंताभाऊंनी बेसन घातले, टिक्की घट्ट झाली आणि आत बेसन कच्चे राहिले. तिसऱ्या दिवशी ते काय घालत होते हे त्यांनी कोणाला पाहू दिले नाही, पण तीही फुटली. चौथ्या दिवशी फाटकाजवळ टेबल नव्हते. चादर दोरीवर वाळत होती.

मला आठवते, त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही "भाजी कशी होती" असे विचारले नाही. मी एका लग्नाहून आलो होतो.

त्यानंतर काही दिवसांनी ते माझ्याकडे आले. येताना टोपी नव्हती.

"पत्रकारभाऊ, तुमच्या पेपरात रविवारी बायांसाठी पान येते ना? त्यात आमच्या इथली कृती छापा. शांताची. नाव होईन तिचं."

"तुम्हीच विचारा ना त्यांना. मला देऊन टाका."

"मी कायले विचारू?" ते म्हणाले. मग दाराकडे वळून, "मले सांगनार नाई ते. तुमाले सांगन."

ही कामगिरी मी घेतली. आज तिच्याकडे पाहताना ती घ्यायला नको होती असे दिसते, पण तेव्हा रविवारच्या पानाला मजकूर हवा होता. मी वही घेऊन गेलो. शांताबाई साले काढत होत्या. त्यांनी एकेक पायरी सांगितली, मी लिहिली. वसंताभाऊ ओसरीत पाठ करून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"अजून काही?" मी शेवटी विचारले.

"नाई. झालं ना. सोपंच तर हाय."

कृती छापून आली. माझ्या बातमीदारीत खाणी, धरण, जंगल, निवडणूक या सगळ्यांवर मिळून जितके फोन आले नाहीत, तितके त्या कृतीवर आले. मला हेही नोंदवले पाहिजे की ते मला आवडले नाही. फोन एकाच गोष्टीबद्दल होते. टिक्की फुटते. ब्रह्मपुरीहून एका बाईंनी विचारले, तुम्ही स्वतः करून पाहिली होती का. मी पाहिली नव्हती.

वसंताभाऊंनीही केली होती. तीही फुटली. त्यांनी मला भिंतीपलीकडून ताट दाखवले. "पाहा तुमची बातमी," ते म्हणाले.

मी शांताबाईंकडे गेलो. त्यांनी कात्रण दोनदा वाचून घेतले, कारण चष्मा नव्हता. मग म्हणाल्या, "याच्यात जवस कुठी हाय?"

"तुम्ही जवस सांगितले नाही."

"जवस काऊन सांगू? तुमी विचारलं, काय काय घालता. मी घालते ते सांगितलं. जवस घालत नाई बाप्पा, ते असतेच."

त्यांनी डबा उघडला. भाजून कुटलेल्या जवसाची पूड. त्या घरात ती चटणीला लागे, भाकरीबरोबर लागे, आणि तव्यावरच्या टिक्कीत मूठभर पडे. ती ओलावा शोषून घेते, चिकट होते आणि वाटणाला धरून ठेवते. पूड घालून वाटण थोडा वेळ झाकून ठेवायचे, मग थापायचे. शांताबाईंच्या दृष्टीने ही पायरी नव्हती. भाजी करताना चूल पेटवा असे कोणी लिहीत नाही, तसे.

त्यांनी ते मुद्दाम वगळले होते का, हे मी एकदा सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "ओसरीत कोन बसलं होतं, मले का दिसत नव्हतं?" मग म्हणाल्या, "पण जवसाचं खरंच ध्यानात नाई आलं." दोन्ही विधाने मी वहीत घेतली आहेत. यापैकी कोणत्याचीही पुष्टी होऊ शकली नाही.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापली. माझ्या नावाने छापलेली ती पहिली दुरुस्ती. वसंताभाऊंनी ती वाचली, हे मी पाहिले. मी विचारले, "आता करून पाहता का?"

"पेपरात वाचून सयपाक करनारा मी नाई," ते म्हणाले, आणि कात्रण घडी करून टोपीत ठेवले.

पुढच्या हिवाळ्यात शांताबाई पडवीतल्या दगडावर घसरल्या. उजवे मनगट मोडले. प्लास्टर सहा आठवड्यांचे. शुक्रवार आणि शनिवार टेबल लागले नाही. मोटारसायकली फाटकापाशी थांबत, चौकशी करत आणि जात.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा वसंताभाऊ म्हणाले, "बंद काऊन ठेवून राह्यली? लोकं येऊन परत जाऊन राह्यले."

"या हातानं वाटू का मी?"

"मी वाटतो."

शांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "उकडसान का?"

"तू सांगशीन तसं."

हे वाक्य त्या घरात मी त्याआधी ऐकले नव्हते. शांताबाईंनीही ऐकले नसावे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एक गोष्ट," वसंताभाऊ म्हणाले. "मी आत राहीन, परद्यामागं. तू टेबलावर बस. मी करून राह्यलो हे सांगजो नको कोनाले. मी सांगीन तवाच. पत्रकारभाऊ, तुमी बी."

मी हो म्हटले.

सोमवारपासून टेबल लागले. सकाळी पडवीतून आवाज येई. "अजून चोळा. सालं हायेत अजून." "हायेत कुठी?" "पाहा ना डोळे उघडून." "पाणी निथळलं का?" "निथळलं." "हात लावून पाहा." मग पाट्याचा आवाज. मग शांताबाईंचा आवाज, "जवस." डब्याचे झाकण वाजे.

चारला शांताबाई गळ्यात हात अडकवून टेबलामागे बसत. परद्याआडून थाळी बाहेर येई. लोकांनी समजून घेतले की माहेरची कोणी बाई मदतीला आली आहे. कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. टिक्क्या फुटल्या नाहीत. मी रोज एक खात होतो. त्या शांताबाईंच्या टिक्क्यांपेक्षा किंचित जाड होत्या, कड जास्त कुरकुरीत होती, कारण वसंताभाऊंना आच कळत होती. एकतीस वर्षे आचेपुढे काढलेल्या माणसाला ती कळणारच.

गुरुवारी पुरुषोत्तमने दोन खाल्ले. हात पुसत तो म्हणाला, "वहिनी, हात मोडला पण चव नाई मोडली. उलट वाढली."

परदा हलला. शांताबाईंनी डाव्या हाताने टेबल पुसले. ट्रक गेलेला नव्हता.

संध्याकाळी वसंताभाऊ भिंतीशी आले. "ऐकलं ना?"

"ऐकले."

"अजून नाई सांगत. दोन-चार दिवस जाऊ द्या. मंग सांगतो. मंग पाहा तोंडं."

आठ दिवस असे गेले. नववा दिवस बुधवार होता.

त्या दिवशी त्यांनी काय केले ते त्यांनीच नंतर मला सांगितले. आज परदा बाजूला करायचा, हे त्यांनी ठरवले होते. पण जे खाल्ले ते शांताबाईंचेच, त्यांनी फक्त थापले, असे कोणी म्हणू नये. म्हणून ते आपल्या हातचे आहे हे पहिल्या घासालाच कळले पाहिजे. त्यांनी शांताबाई अंगणात गेल्यावर वाटणात कँटीनचा मसाला घातला. भरपूर. आणि जवस घातले नाही. त्याच्या जागी थोडे बेसन.

मी रांगेत पाचवा होतो. पहिल्या तिघांनी खाल्ले आणि एकमेकांकडे पाहिले. एकाच्या हातात टिक्कीचे दोन तुकडे झाले होते.

"वहिनी, आज का झालं?" पुरुषोत्तमने विचारले.

तेवढ्यात परदा बाजूला झाला. वसंताभाऊ टोपी घालून बाहेर आले. टोपी त्या दिवशी नवी होती. ते टेबलाशेजारी उभे राहिले आणि त्यांनी शांताबाईंकडे पाहिले.

"आज यायनं बनवलं," शांताबाई म्हणाल्या.

"तरीच!" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले.

वसंताभाऊ पत्नीकडे पाहत राहिले. वाक्य पुढे जाईल म्हणून ते थांबले होते. शांताबाईंनी जाळीचे झाकण उचलले, पुन्हा ठेवले. वाक्य पुढे गेले नाही. मग वसंताभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मला आठ दिवसांची माहिती होती. मला कोणी विचारले नव्हते. मी माझा बर्गर घेतला.

त्यांनी स्वतः का सांगितले नाही, हे मी पुढे कधीतरी विचारले. "आता कोन मानन?" ते म्हणाले. "बिघडलेलं खाऊन झाल्यावर मागचं चांगलं माह्यावालं म्हनलं, तर लोकं हसतीन जी."

ते परत परद्यामागे गेले नाहीत. प्लास्टर निघेपर्यंत वाटायला गल्लीतली एक बाई येत होती. शांताबाई बऱ्या झाल्या, पुन्हा त्याच करू लागल्या. "मीच शिकवलं तिले" हे वाक्य त्या बुधवारनंतर अंगणात ऐकू आले नाही. ते नसल्यामुळे शांताबाईंचे उत्तरही नसे. चार ते सहा या वेळेत आता फक्त तव्याचा आणि गाड्यांचा आवाज असे.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते वारण्याच्या आदल्या शनिवारी. धाप जास्त होती. ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, ग्राहकांकडे पाठ. मांडीवर ताटली होती आणि ताटलीत बर्गर. ते सावकाश खात होते. संपल्यावर त्यांनी बोटाने ताटलीतला भुगा गोळा केला आणि तोंडात टाकला. मी भिंतीपाशी उभा आहे हे त्यांना नंतर दिसले.

"कसा होता?" मी विचारले.

त्यांनी श्वास घेतला. त्याला वेळ लागला.

"मीठ कमी," ते म्हणाले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गल्लीतल्या बुद्धविहारात झाला. वंदना झाली. कँटीनमधले दोन जुने सहकारी बोलले. माधुरी बोलली. खाणीकडची बरीच मंडळी पाळी सांभाळून आली होती आणि मागे सतरंजीवर बसली होती. शांताबाई कार्यक्रमात बोलत नाहीत, म्हणून त्यांचे नाव पुकारले नव्हते. त्या उठून पुढे आल्या.

"माहा हात मोडला होता," त्या म्हणाल्या. "तवा तुमी जे खाल्लं ते यायनं केलं होतं. एक दिवस नाई. आठ दिवस. नवव्या दिवशी बिघडलं, तेवढं मी सांगितलं. आठ दिवसाचं सांगितलं नाई. त्या सोमवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंत. मधला रविवार सोडून."

मी घरी येऊन वही पाहिली. दिवस बरोबर होते.

विहारात माधुरीने बसल्या जागेवरून विचारले, "आई, काऊन नाई सांगितलं तवा?"

"माह्यापेक्षा चांगलं झालं होतं," शांताबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत पुरुषोत्तम उठून उभा राहिला.

"वहिनी, तो गुरुवार बी?"

"तो बी."

पुरुषोत्तम खाली बसला.